बाल आनंद मेळावा भरवताना : उघड्यावरच्या खाद्यबाजाराचे कायदे आणि सुरक्षिततेचे नियम



डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांमधून बाल आनंद मेळावा भरतो. कुणी त्याला आनंद बाजार म्हणतं, कुणी बालबाजार, स्काऊट-गाईडवाले 'खरी कमाई' म्हणतात. मुलं घरून पदार्थ करून आणतात, टेबल मांडतात, ओरडून ओरडून विकतात. नफा-तोटा, सुट्टे पैसे, ग्राहकाशी बोलणं, सगळं एका दिवसात शिकून होतं. उपक्रम चांगलाच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही.

पण तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मेळाव्यानंतर रात्री आठ वाजता पहिला फोन आला. "बाई, पोरगं सारखं उलट्या करतंय." दहा वाजेपर्यंत असे अकरा फोन झाले. दोन मुलांना सलाईन लावावं लागलं. सगळी मुलं दोन-तीन दिवसांत बरी झाली, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी विचारपूस केली. अकराच्या अकरा मुलांनी पाणीपुरी खाल्ली होती. पाणी सकाळी सहाला केलेलं, दुपारी दोनपर्यंत विकलं जात होतं. गार राहावं म्हणून त्यात बर्फ टाकला होता, आणि तो बर्फ मासे ठेवण्यासाठी विकला जाणारा होता. पाणी वाईट, बर्फ वाईट की हात अस्वच्छ, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. कारण पदार्थाचा नमुना आम्ही ठेवलाच नव्हता. रोजच्या पोषण आहाराची चव घेऊन आपण वहीत नोंद करतो, आणि मेळाव्याच्या दिवशी पन्नास पदार्थ कुणीही न तपासता विकले जातात! चूक आमची होती, शिक्षकांची.

त्यानंतर उघड्यावर अन्न विकण्याबद्दल कायदा काय सांगतो ते मी वाचून काढलं. ते तुमच्यासमोर ठेवते. त्यात मेळाव्यासाठीची तयारी आहे आणि वर्गात घेता येईल असा पाठही आहे.

१. कायदे कोणते?

अ) अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६

हा मुख्य कायदा. त्याखालची नियमावली ऑगस्ट २०११ पासून लागू झाली. देशपातळीवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण आणि आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपण ज्याला एफडीए म्हणतो ते, हे काम बघतं.

या कायद्यात 'अन्न व्यवसाय' या शब्दाचा अर्थ फार मोठा आहे. नफा असो वा नसो, अन्न तयार करणं, साठवणं, वाटणं, विकणं हे सगळं त्यात येतं. कलम ३१ सांगतं की मोठ्या व्यावसायिकाने परवाना घ्यायचा आणि छोट्याने नोंदणी करायची. छोटा म्हणजे कोण? २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला छोटा ठरवलं आणि नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवली. फेरीवाला, हातगाडीवाला, तात्पुरता स्टॉल लावणारा असे शब्द त्या नियमावलीत स्पष्ट आहेत. एवढंच नव्हे, धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही त्यात आहे. म्हणजे भंडारा आणि महाप्रसादसुद्धा! (उलाढालीची मर्यादा आणि फी वेळोवेळी बदलते. अर्ज करताना 'फॉसकॉस' या सरकारी संकेतस्थळावर चालू आकडा बघून घ्यावा.)

नोंदणी झाली की १४ अंकी क्रमांक मिळतो आणि तो गाडीवर दिसेल असा लावायचा असतो. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केलं तर कलम ५६ प्रमाणे १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाला अन्नाच्या कामावर ठेवायचं नाही, हे कलम २६ मध्ये आहे.

मग मेळाव्यातल्या प्रत्येक मुलाने नोंदणी करायची का? एक दिवसाच्या शालेय उपक्रमात मुलांकडे कुणी प्रमाणपत्र मागायला येत नाही. पण जबाबदारी कुणाची हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर 'आयोजकांची, म्हणजे शाळेची' हेच आहे. म्हणून आम्ही आता दोन गोष्टी करतो. बाहेरचा विक्रेता बोलावला तर त्याचं नोंदणी प्रमाणपत्र आधी बघतो. आणि मेळाव्याच्या पंधरा दिवस आधी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना पत्र देऊन कळवतो व मार्गदर्शन मागतो. पहिल्या वर्षी अधिकारी स्वतः आले आणि मुलांशी अर्धा तास बोलले.

आ) पथविक्रेता (उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४

१ मे २०१४ पासून लागू झालेला हा कायदा शहरांसाठी आहे. बऱ्याच जणांना वाटतं की तो फेरीवाल्यांना हटवण्यासाठी आहे. नावातच 'उपजीविका संरक्षण' आहे, ते आपण वाचत नाही. त्यातल्या काही तरतुदी अशा :

- दर पाच वर्षांतून एकदा तरी फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करायचं आणि पात्र विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र द्यायचं. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही.
- प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे.
- शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले, आणि त्यात एक-तृतीयांश स्त्रिया.
- जागा बदलायला लावायची तर ३० दिवसांची नोटीस.
- माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच, आणि टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत, दंड भरून परत.

खेडेगावच्या आठवडी बाजाराला हा कायदा लागत नाही. तिथे जागा देणं आणि बाजाराची पट्टी गोळा करणं ग्रामपंचायतीकडे असतं. अन्न सुरक्षेचा कायदा मात्र गाव असो की शहर, दोन्हीकडे सारखाच.

इ) शाळेच्या गेटपासून ५० मीटर

शाळेतल्या मुलांसाठी सुरक्षित अन्न आणि संतुलित आहार याबद्दलचे नियम २०२० साली अधिसूचित झाले. मीठ, साखर, स्निग्ध पदार्थ जास्त असलेलं अन्न शाळेच्या आवारात आणि गेटपासून कोणत्याही दिशेने ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाही. तंबाखूच्या पदार्थांसाठी हेच अंतर १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर आहे. हा ५० मीटरचा नियम आपल्याला अडचणीत आणणारा आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

ई) कचरा आणि प्लास्टिक

२०१६ च्या घनकचरा नियमांनी अट घातली की परवाना नसलेल्या ठिकाणी १०० पेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, आणि कचरा तिथेच वेगळा करायचा. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या प्लेट, कप, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद आहेत. पत्रावळी, द्रोण, केळीची पानं हा आपला जुना उपाय आहेच. आम्ही तर मुलांना घरून ताट-वाटी-पेला आणायला सांगतो. कचरा निम्म्याहून कमी झाला.

२. अन्न बिघडतं कसं?

नियम पाठ करून उपयोग नाही, कारण कळलं पाहिजे. सहावी ते आठवीच्या मुलांना हे सहज समजतं.

तापमान : ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. यात जिवाणू भराभर वाढतात. गरम पदार्थ ६० च्या वर, थंड पदार्थ ५ च्या खाली ठेवायचा. मेळाव्यातलं टेबल नेमकं या पट्ट्याच्या मधोमध असतं! अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे ४ तासांत १२ वेळा दुप्पट, एकाचे ४०९६. आमची पाणीपुरी आठ तास उभी होती.

"परत गरम केलं की झालं" असं पुष्कळ पालक म्हणतात. ते खरं नाही. हातावरच्या फोडातून, नाकातून अन्नात जाणारे काही जिवाणू विष तयार करतात आणि ते विष उकळूनही जात नाही. तसंच शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं. म्हणून बोटाला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी पैशांच्या गल्ल्यावर बसवायचं, वाढायला नाही.

पैसे आणि अन्न वेगळे : एकच मुलगा नोट घेतो आणि त्याच हाताने भेळ कालवतो, हे चालणार नाही. प्रत्येक टेबलावर एक 'वाढपी' आणि एक 'कॅशियर'. याने गणितही पक्कं होतं, कारण हिशेब एकाच हाती राहतो.

पाणी आणि बर्फ : पाणी नळाचं असो की टँकरचं, क्लोरीन तपासून घ्या. ग्रामपंचायतीतली टीसीएल पावडर शाळेच्या टाकीत शेवटची कधी टाकली ते विचारा. बर्फाचं तर खास सांगते. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्याला निळसर रंग देण्याची सक्ती झाली. आमच्या मेळाव्यात आलेला बर्फ मात्र पांढराच होता, कारखान्याने रंग टाकला नव्हता. म्हणून रंगावर विसंबू नका, कुठून आणला ते विचारा. आम्ही आता बर्फच वापरत नाही.

तेल : तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात 'ध्रुवीय संयुगे' वाढतात. ती २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरी यंत्र नसतं, पण काळं पडलेलं, फेस येणारं, लवकर धूर सोडणारं तेल ओळखायला यंत्र कशाला?

कागद : वडा वर्तमानपत्रात बांधून देणं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वावगं वाटतच नाही. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरण्यास मनाई केली आहे. छपाईच्या शाईतली रसायनं गरम, तेलकट पदार्थात उतरतात.

रंग : गुलाबी बुढ्ढी के बाल मुलांना फार आवडतात. २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तामिळनाडूत त्यावर बंदी आली, कारण त्यात ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडला. मेळाव्यात रंग घातलेला पदार्थ नकोच.

भांडी : कीटकनाशकाचा, रंगाचा, फिनाईलचा डबा कितीही धुतला तरी अन्नाला वापरायचा नाही. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली.

३. आग, गॅस, वीज, मंडप

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली गावात एका शाळेचा वार्षिक समारंभ मंडपात चालू होता. आग लागली, मंडपाच्या कापडाने पेट घेतला आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं आणि त्यांच्या आया. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली, गवती छप्पर पेटलं आणि ९४ मुलं गेली. दोन्ही ठिकाणी शाळेचा नेहमीसारखाच दिवस होता. मंडप बांधताना कंत्राटदाराशी घासाघीस करतो तेव्हा हे आठवावं.

- गॅस : व्यावसायिक विक्रीला घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर वापरायला बंदी आहे, १९ किलोचं व्यावसायिक घ्यावं लागतं. १०० किलोपेक्षा जास्त गॅस एका जागी साठवायचा तर परवाना लागतो. म्हणजे १९ किलोची पाच सिलिंडरं ही मर्यादा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली, गटारात, खड्ड्यात साचतो. म्हणून सिलिंडर उभं, मोकळ्या जागी, गटारापासून लांब ठेवायचं. गळती काडी ओढून नाही, साबणाच्या फेसाने तपासायची.
- वीज : उघड्या वायरी जोडून दिवे लावू नका. जोडणी वायरमनकडूनच.
- मंडप : दोन वाटा हव्यातच, दोन्ही उघड्या आणि टेबलांनी न अडवलेल्या. चूल किंवा शेगडी कापडी छताखाली नको.
- वाळूच्या बादल्या, पाण्याचा पिंप, अग्निशामक यंत्र आणि ते चालवता येणारा माणूस. आमच्याकडे यंत्र होतं, पिन कशी काढायची ते कुणालाच माहीत नव्हतं!

आमच्या शाळेने शेवटी सोपा निर्णय घेतला : मेळाव्यात विस्तव नाही. भेळ, कोशिंबीर, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, फळं, ताक. उसळ घरी शिजवून डब्यातून आणायची आणि दोन तासांत संपवायची. ताक आयत्या वेळी घुसळायचं.

४. गेटसमोरची गाडी

आता त्या ५० मीटरबद्दल. आमच्या गेटसमोर एका पालकांची वडापावची गाडी आहे. मुलगी आमच्याच शाळेत सहावीत. सभेत एका पालकाने ती गाडी हटवण्याची मागणी केली, नियमाचा कागदच दाखवला. नियम खरा होता. पण गेल्याच महिन्यात आम्ही गेटच्या आत मुलांकडून वडे, भजी आणि कोल्ड्रिंक विकून घेतलं होतं, त्याचं काय? नियम गेटच्या बाहेर लागू आणि आत माफ, असं कसं?

मी त्या दादांना भेटले. नोंदणी नव्हती. "बाई, कागद असून काय उपयोग? गाडी उचलायला आले की उचलणारच," ते म्हणाले. त्यांना २०१४ च्या कायद्यातली नोटीस, जप्तीची यादी वगैरे काहीच माहीत नव्हतं. आम्ही शाळेतल्या संगणकावर बसून त्यांचा नोंदणीचा अर्ज भरला. फोटो, ओळखपत्र आणि फी, बस. विक्री प्रमाणपत्रासाठी नगरपरिषदेत अर्ज दिला.

अंतराचं मी स्पष्ट सांगितलं. मुलांनी टेपने मोजलं, गाडी २२ मीटरवर होती. आता ती कोपऱ्यापलीकडे, ५० मीटरच्या बाहेर लागते. मधल्या सुट्टीत गेटजवळ ते उकडलेले चणे, भाजलेले शेंगदाणे आणि केळी विकतात. सुट्टीतला गल्ला कमी झालाय हे ते तोंडावर सांगतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण गाडीवर १४ अंकी क्रमांक आहे, कागदी पिशव्या आहेत, झाकणाचा कचऱ्याचा डबा आहे. गेल्या मेळाव्यात भेळेच्या टेबलांची देखरेख त्यांनीच केली. हात कसे धुवायचे, कांदा आधी का कापून ठेवायचा नाही, हे मुलांनी माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकलं.

अहमदाबादचा कांकरिया तलाव परिसर २०१८ मध्ये देशातलं पहिलं 'स्वच्छ खाऊगल्ली केंद्र' ठरला. इंदूरचं छप्पन दुकानही पुढे या यादीत आलं. विक्रेत्यांना हाकलून नाही, त्यांना प्रशिक्षण देऊन ते झालं. आपल्या गावात छोट्या प्रमाणात हे जमण्यासारखं आहे.

५. वर्गात कसं घ्याल?

- तिसरी-चौथी (परिसर अभ्यास) : हात धुण्याचं प्रात्यक्षिक. हाताला थोडं तेल आणि हळद लावून फक्त पाण्याने, मग साबणाने धुवायला सांगा. फरक मुलं स्वतः बघतात.
- पाचवी-सहावी (गणित) : गेटपासून ५० मीटर मोजून नकाशा काढणे. ४०,००० लोकसंख्येच्या गावात अडीच टक्क्यांप्रमाणे किती विक्रेते? (उत्तर : १०००)
- सातवी (विज्ञान, घातांक) : २० मिनिटांत दुप्पट, तर ४ तासांत किती? २ चा १२ वा घात करून बघणे.
- आठवी (नागरिकशास्त्र) : वर्गात शहर फेरीवाला समितीची सभा भरवा. फेरीवाले, पादचारी, दुकानदार, मुख्याधिकारी अशा भूमिका द्या. प्रश्न एकच : शाळेसमोरची गाडी कुठे उभी राहावी?

६. मेळाव्याच्या सकाळची तपासणी यादी

१. प्रत्येक पदार्थ कुणी, कधी, कुठे केला याची नोंद.
२. प्रत्येक पदार्थाची शिक्षकांनी चव घेतली, झाकणाच्या स्वच्छ डब्यात नमुना काढून फ्रीजमध्ये ठेवला.
३. हात धुण्याची जागा, साबण, पुरेसं पाणी.
४. टेबल जमिनीपासून उंच, सावलीत, गटार व शौचालयापासून दूर, अन्नावर झाकण.
५. आजारी किंवा जखम असलेलं मूल वाढायला नाही.
६. शेंगदाणे, दूध यांची ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी टेबलांवर.
७. दोन वाटा मोकळ्या, अग्निशामक यंत्र जागेवर.
८. ओला-सुका कचरा वेगळा.
९. प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर फळ्यावर. अन्नाबद्दल तक्रारीसाठी एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.
१०. विक्री दोन तासांत बंद. उरलेलं ताजं असतानाच वाटून टाकणे, घरी नेणे नाही.

समारोप

"एवढे नियम लावले तर मेळाव्यात आनंद राहील का?" असं एका सहकाऱ्यांनी विचारलं होतं. गेली दोन वर्षं आमच्या मेळाव्यात वडे नाहीत, बर्फाचा गोळा नाही. मुलं पहिल्या वर्षी थोडी कुरकुरली. पण विक्री तेवढीच जोरात झाली, आणि रात्री एकही फोन आला नाही.

या लेखातला जवळजवळ प्रत्येक नियम कुठेतरी कुणाच्या तरी घरात रडारड झाल्यावर लिहिला गेला आहे. तो गाडीवाल्याला दाखवण्याआधी आपण स्वतः पाळून बघू या. मग मुलांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

तुमच्या शाळेतला मेळावा कसा असतो, काय बदल केले, जरूर कळवा. यादीत भर घालता येईल.